शेखलाल तारबाबू आणि सहावा खंड

सन अठ्ठावन्नच्या दिवाळीआधी दौंडच्या रेल्वे कॉलनीत एकच बोलवा होती: शेखलाल तारबाबूला परसात हंडा लागला. गुप्तधनाचा, तोंडापर्यंत भरलेला. ही बातमी शेखलालच्या शेजारच्या वच्छलाबाईंकडची, म्हणजे अगदी कारखान्यातून थेट आलेली. शेखलालनं कमरेइतका खड्डा खणला, आत तांब्याचं काहीतरी चमकलं, मग त्यानं वरून मीठ आणि कोळसा रिता केला, हे त्यांनी भिंतीवरून स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. तेव्हापासून त्याची बायको मेहरुन रोज त्या जागेवर बादलीभर पाणी ओतते, हेही पाहिलं होतं. "धन खाली सरकू नये म्हणून पाणी घालत्यात," असा खुलासा बाईंनी परस्पर करून टाकला.

हंडाबिंडा काही नव्हता. आमच्या कॉलनीत कुणाला हंडा लागता तर त्याचे वाटे संध्याकाळच्या आत पडले असते. खड्ड्यात होता तांब्याचा पत्रा. पत्र्याची तार खिडकीतून आत, शेखलालच्या वायरलेसच्या यंत्राला जोडलेली. ती त्या यंत्राची अर्थिंग. जमीन ओली आणि खारट असली की काम चांगलं होतं, म्हणून मीठ, म्हणून कोळसा, म्हणून मेहरुनची रोजची बादली. पण हे वच्छलाबाईंना कुणी सांगावं? आणि सांगितलं तरी त्या ऐकून घेतील, असा त्यांचा कधी लौकिक नव्हता.

शेखलाल दौंड स्टेशनच्या तारघरात नोकरीला. मूळचा कवठे येमाईचा, बाप जनावरांचा व्यापारी. पण पोराच्या हातात तारेची खटखट उतरली ती अशी, की झोपेतसुद्धा त्याचं बोट उशीवर वाजायचं. मेहरुन म्हणायची, "दिवसभर पाटस-केडगावला खटखट करता, रातच्याला माझ्या उशीला तरी सोडा."

ही खटखट त्यानं घरी आणली. सरकारी परीक्षा दिली, परवाना काढला, पुण्याच्या जुन्या बाजारातून लढाईतला एक जुनाट रिसीव्हर आणला, आणि पाठवायचं यंत्र स्वतः जुळवलं. क्वार्टरच्या कौलांपासून समोरच्या चिंचेपर्यंत एरियलची तार ताणली. मग सुट्टीच्या दिवशी कानाला हेडफोन लावून हा माणूस जगाशी बोलू लागला. तोंडानं नाही, बोटानं.

या हौशी लोकांच्या वर्षातून काही वेळा स्पर्धा असतात. शनिवार-रविवार जगभरचे लोक एकमेकांना हाका मारतात. ज्याला गाठलं त्याला तुझा आवाज केवढा येतो तो आकडा सांगायचा, आपला अनुक्रमांक सांगायचा, त्याचा घ्यायचा, की पुढच्याला गाठायचं. जितकी माणसं, जितके देश, तितके गुण. शेखलालला गुणांचं वेड नव्हतं. त्याचं वेड निराळं होतं. त्याला सगळे खंड गाठायचे होते. आशिया तर घरचाच, युरोप, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, उत्तर अमेरिका, सगळीकडून पोहोच आल्याची कार्डं भिंतीवर खिळ्यांना अडकवलेली. दक्षिण अमेरिकेचा खिळा तेवढा रिकामा. त्याला मेहरुननं चहाची गाळणी लटकवली होती.

आता घोडं अडलं होतं ते सोपानरावांपाशी. सोपानराव गार्ड, आणि आमच्या इन्स्टिट्यूटचे सेक्रेटरी. इन्स्टिट्यूट म्हणजे कॅरमचं टेबल, दोन बाकं आणि कॉलनीचा एकुलता एक मोठा रेडिओ. शेखलालनं बटण दाबलं की त्या रेडिओत टिक-टिक-टिक सुरू व्हायचं. गाण्यात टिकटिक, बातम्यांत टिकटिक. एकदा बाजारभावाच्या वेळी टिकटिक झाली, तर कॉलनीतल्या पुतळाबाईंचा गावाकडचा लसूण कोणत्या भावानं गेला यावरून त्यांच्या घरात दोन दिवस अबोला होता. सोपानरावांनी तक्रार ठोकली. इमारतींचे साहेब येऊन चिंचेकडे बघून गेले आणि सांगून गेले, की रेल्वेच्या क्वार्टरवर ही तार चालणार नाही, उतरवा.

शेखलालनं हात जोडले. "साहेब, येत्या शनिवार-रविवारी स्पर्धा हाय. सोमवारी सकाळी मी स्वतः उतरवतो."

साहेबांनी सोपानरावांकडे बघितलं. सोपानरावांनी अट घातली, "रविवारी संध्याकाळी सहा ते सात पुण्याहून श्रुतिका हाय. खुनाची. तीन रविवार ऐकतोय आम्ही, या खेपेला खुनी सापडायचा हाय. त्या तासाला यंत्राला हात लावायचा न्हाई."

"न्हाई लावणार," शेखलालनं शब्द दिला.

म्हणजे दक्षिण अमेरिका गाठायची तर याच स्पर्धेत. सोमवारी तार खाली, आणि दुसरीकडे घर घेण्याची ऐपत नाही. मेहरुनला हे समजलं होतं. तिनं त्या आठवड्यात बादल्या वाढवल्या, आणि त्यामुळे हंड्याचा आकारही गावात वाढला.

स्पर्धेच्या आधी शिरूरहून बापूसाहेब आले होते. लष्करात सिग्नलमध्ये राहून आलेले, घोडनदीच्या काठी मळा, मळ्यात शेखलालपेक्षा मोठं यंत्र. शेखलालच्या शेजारी स्टुलावर बसून त्यांनी तासभर बघितलं आणि कपाळाला हात लावला.

"अरे शेखलाल, तो जपानचा गडी हाका मारतोय, पन्नास जण त्याला ओ देतायत. तू गप्प का?"

"त्यांचं चाललंय न्हवं, साहेब. त्यांचं झालं की मी."

"त्यांचं होत नसतं!"

"कवातरी होईलच की."

"हे दौंडचं यार्ड हाय व्हय, सिग्नल पडेस्तोवर थांबायला?"

आता यात शेखलालची चूक काय? रेल्वेच्या तारेचा कायदाच तसा. एकाच तारेवर दहा स्टेशनं बसलेली असतात. पाटस बोलत असेल तर केडगावनं थांबायचं. मध्ये तोंड घातलं आणि एखाद्या गाडीचा निरोप तुटला, तर माणसं मरायची. एवढी वर्षं शेखलालचं बोट असं वळलेलं, की दुसऱ्याची खटखट ऐकू आली की ते आपोआप उचललं जायचं. पाच खंड त्याला मिळाले ते सगळे अशा वेळी, जेव्हा समोरच्याला दुसरं कुणी विचारत नव्हतं.

रविवारी दुपार टळली तरी दक्षिण अमेरिकेचा पत्ता नव्हता. शेखलाल शनिवारपासून खुर्चीतून उठला तो फक्त नमाजाला आणि परसात. कानाच्या पाळ्या लाल झालेल्या. मेहरुननं ठेवलेल्या भाकरीला मुंग्या लागल्या.

उन्हं चिंचेच्या शेंड्यावर गेली आणि त्याला ते ऐकू आलं. बारीक, विहिरीच्या तळातून यावं तसं, पण स्वच्छ. ब्राझील. कुणीतरी ब्राझीलमधून हाका मारत होतं.

शेखलालनं हेडफोन कानांवर दाबला. बोट बटणावर गेलं. आणि त्याच क्षणी सगळं जग त्या ब्राझीलवर तुटून पडलं. जर्मन, रशियन, जपानी, कोण कोण. शेखलालचं बोट उचललं गेलं.

ब्राझीलनं एकाला आकडा दिला. दुसऱ्याला दिला. दोघांच्या मध्ये श्वासाएवढी फट पडायची, आणि शेखलाल बोट खाली नेतो न नेतो तोच ती भरून जायची. मग त्या गोंगाटात एक ओळखीचा, दांडगा हात वाजला. शिरूरचे बापूसाहेब! त्यांनी कुणाची पर्वा न करता आपलं परवान्यावरचं नाव दोनदा ठोकलं, आणि ब्राझीलनं त्यांना उचललं. शिरूरला मिळतं ते दौंडला का मिळू नये? शेखलालनं दात आवळले. पण बोट काही ऐकेना.

"मिळाला का?" मेहरुननं दारातून विचारलं.

त्यानं नाही म्हणून मान हलवली.

"तुम्ही हाक तरी मारली का?"

त्यानं पुन्हा मान हलवली, आणि या खेपेला तिच्याकडे बघितलं नाही.

इतक्यात इन्स्टिट्यूटच्या कर्ण्यातून श्रुतिकेचं संगीत सुरू झालं. सहा वाजले. कॉलनीतली माणसं बाकांवर, पायऱ्यांवर, सायकलींच्या दांड्यांवर बसलेली. शेखलालनं हात मांडीखाली घातला. दिलेला शब्द. कानात ब्राझील हळूहळू बारीक होत चाललेला, विहीर खोल खोल जात असलेली. दिवस बुडला की तो रस्ता बंद होणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. सात वाजता बटणाला हात लावून उपयोग शून्य.

अंधारून यायला लागलं. कर्ण्यातला इन्स्पेक्टर खाकरून म्हणाला, "खुनी याच खोलीत आहे."

शेखलालनं मांडीखालून हात काढला आणि बटण दाबलं.

इन्स्टिट्यूटमध्ये टिक-टिक-टिक. खुनी कोण ते इन्स्पेक्टर सांगत होता तेवढ्यात टिक-टिक. बाकांवरून जो आरडाओरडा झाला, तो स्टेशनवर गाडीची वाट बघणाऱ्यांनाही ऐकू गेला असेल. सोपानराव धोतर सावरत निघाले ते थेट शेखलालच्या व्हरांड्यात. विजेचं मेन स्विच तिथंच, दाराच्या डाव्या अंगाला.

"शेखलाल! शब्द दिला होता का न्हवता? तीन रविवार! तीन रविवार आम्ही..."

मेहरुन दारात आडवी उभी राहिली. सोपानराव थांबले नाहीत. त्यांचं बोलणं म्हणजे मालगाडी. डबे संपतील म्हणून फाटकाशी उभं राहावं तर माणूस म्हातारा व्हायचा. तक्रार, साहेब, शब्द, खून, पुन्हा तक्रार. मेहरुननं त्यांचं वाक्य संपायची वाट बघितली नाही. त्यांच्या आवाजावर आपला आवाज चढवला.

"मामा, त्या स्विचला हात लावायचा न्हाई!"

"अगं पण त्यानं शब्द..."

"शब्दाचं मागनं बोला! हात खाली घ्या!"

"मी सेक्रेटरी..."

"हात खाली!"

आणि हात खाली आला.

हेडफोनची एक बाजू कानावरून सरकलेली, त्यामुळे शेखलालनं हे सगळं ऐकलं. सोपानराव कधी थांबतच नाहीत, हे सगळ्या कॉलनीला माहीत. पण त्यांच्या बोलण्यावर बोलता येतं, हे त्याला आत्ता कळलं. त्यानं हेडफोन नीट बसवला. कानात आठ-दहा जणांचा गलका होता. त्यानं कुणाचंही संपू दिलं नाही. सगळ्यांच्या वरून आपलं नाव वाजवलं. पुन्हा वाजवलं. बोट मागं यायला बघत होतं, त्यानं ते दाबून धरलं आणि तिसऱ्यांदा वाजवलं.

ब्राझील थांबलं. मग आलं, अर्धंच: व्ही, यू, टू, आणि पुढं प्रश्नचिन्ह.

आपल्याकडच्या सगळ्या परवान्यांची नावं अशीच सुरू व्हायची. म्हणजे हिंदुस्थानचा कुणीतरी आहे एवढं कळलं होतं, कोण ते नाही. जर्मन मध्ये घुसला. शेखलालनं जर्मनावर वाजवलं, मेहरुननं सोपानरावांवर चढवला होता तसाच आवाज चढवून. ब्राझीलनं त्याचं पूर्ण नाव परत वाजवलं. आकडा दिला.

आकड्याचा शेवट खरखरीत बुडाला. तीन की सात? समोरचा पुढच्याला हाक मारायच्या बेतात, आवाज आता धाग्याएवढा. अंदाजानं काहीतरी लिहून टाकणारा माणूस दुसरा. शेखलालनं परत मागितला. व्हरांड्यात सोपानराव पुन्हा स्विचकडे सरकले, मेहरुनचा हात त्यांच्या आधी स्विचवर. कानात काहीच नाही. नुसती खरखर.

मग आला. सात. शेखलालनं आपला आकडा आणि पोहोचल्याची खूण दिली, त्यानंही खूण दिली, आणि पाठोपाठ ब्राझील बुडालं ते बुडालंच. नंतर अख्खी रात्र बसला असता तरी वर आलं नसतं.

शेखलालनं हेडफोन काढला, उठला, दारात आला. "सोपानराव, शब्द मोडला. माफी करा," एवढंच म्हणाला. सोपानरावांची तक्रार पुन्हा पहिल्या डब्यापासून सुरू झाली.

सोमवारी सकाळी शेखलाल कबूल केल्याप्रमाणे शिडी लावून चिंचेवरची तार उतरवत होता. सोपानराव शिडीखाली. त्यांची मालगाडी उजाडल्यापासून चालू. शेजारीपाजारी माना वर करून उभे, वच्छलाबाई भिंतीवर कोपरं टेकून. खुनी कोण ते अजून कळलं नव्हतं. बारामतीच्या मेहुण्याला रातोरात निरोप पाठवून विचारलं होतं, त्यालाही माहीत नव्हतं. मेहुणाच बिनकामाचा. शिवाय मेहरुननं जे तोंड वाजवलं ते काही बरं झालं नाही. शिवाय ब्राझीलला कॉफी होते म्हणतात, आणि तिथं आत्ता म्हणे रात्र असते. हे सगळं शेखलालनं वरून ऐकून घेतलं. शेवटी सोपानरावांनी विचारलं:

"पण मला एक सांगा, शेखलालभाई. आमची श्रुतिका नासवली, शब्द मोडला, तार घालवली, आन् एवढं करून त्या ब्राझीलवाल्याशी बोललात तरी काय?"

शेखलालनं तार गुंडाळता गुंडाळता खाली बघितलं.

"त्यानं त्याचा नंबर सांगितला, मी माझा सांगितला, आन् दोघांचंबी काम झालं. तुम्ही उजाडल्यापासून बोलताय सोपानराव, तुमचं काय काम हाय ते अजून कळलं न्हाई."