वाचून दाखवले, बरोबर आहे

ओळ संपत आली की जुन्या टंकयंत्राची बारीक घंटी वाजे. टिण्! आता ती यंत्रं कुठं दिसतही नाहीत, पण दुपारी डोळा लागता लागता ती घंटी मला अजून ऐकू येते, आणि तिच्यामागोमाग एक शांत आवाज: "थांबा जरा. यांची ओळ संपू द्या."

'यांची' म्हणजे माझी. साताऱ्याच्या पूर्वेकडच्या एका तालुक्याच्या कोर्टात मी टंकलेखक होतो आणि माननीय श्रीरंगराव खिलारेसाहेब त्याच दिवशी न्यायाधीश म्हणून रुजू झाले होते. साक्षीदाराला हातानं थांबवून त्यांनी माझ्या ओळीची वाट पाहिली. त्या कोर्टात तोवर माझी वाट कुणी पाहिली नव्हती. आमची ओळख झाली ती अशी.

साहेबांच्या अमृतमहोत्सवी ग्रंथात त्यांच्या निकालांविषयी जाणकार वकील मंडळी लिहितीलच. माझ्याजवळ सांगण्यासारखा एकच प्रसंग आहे, आणि तो कुणाला सांगायचा नाही, असा साहेबांचा हुकूम आहे. निवृत्तीनंतर इतक्या वर्षांनी तो मी मोडतो आहे.

मला शाळेपासून कवितेचं वेड. मास्तरांनी चालीवर म्हणून घेतलेल्या ओळी यंत्र बडवतानाही ओठांवर असायच्या. साहेबांच्या ते ध्यानात आलं, पण ते रागावले नाहीत. मधल्या सुट्टीत चहा मागवून म्हणाले, "मोहिते, पुटपुटता कशाला? मोठ्यानं म्हणा की."

एकदा म्हादबा नावाचे वयस्क मेंढपाळ आरोपी म्हणून उभे होते. मेंढरं उसात शिरली, राखणदारानं हटकलं, म्हणून त्याच्या डोक्यात काठी घातली, असा आरोप. साहेबांनी विचारलं, "तुम्ही काठी मारलीत, असं साक्षीदार सांगतो. काय म्हणणं आहे?"

म्हादबा म्हणाले, "व्हय?"

उत्तरं लांब असली तर साहेब मला सांगत. 'होय', 'नाही' मी आपणच टिपून घेई. मी टिपलं: 'होय.'

अंगठा घेण्याआधी जबाब वाचून दाखवायचा, असा नियमच. पुष्कळदा तो घाईत उरकला जातो. साहेबांकडे मात्र मोठ्यानं, सावकाश. त्या दिवशी पाच वाजून गेले होते आणि वकिलांचं लक्ष एसटीकडे होतं. मी वाचत वाचत त्या ओळीवर आलो, तसे म्हादबा कठड्याला धरून पुढं वाकले.

"आवं, न्हाई! म्या व्हय कवा म्हनलो?"

"आत्ताच म्हणालात," सरकारी वकील हसले. "लगेच फिरलासा व्हय म्हातारबा?"

"बघा! आता तुमी म्हनला न्हवं, तसंच म्या म्हनलो. इचारलं म्या, सायेब. आसं बी सांगत्यात का लोकं, म्हून!"

सगळं कोर्ट हसलं. साहेब हसले नाहीत. डोळे मिटून म्हणाले, "पुन्हा म्हणा बरं." म्हादबांनी म्हटलं. साहेबांनी जबाबात तो शब्द अवतरणात घालायला लावला, पुढं प्रश्नचिन्ह द्यायला लावलं, आणि खाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं: 'न्यायालयाच्या ऐकण्यात चूक झाली होती.' पुढं सगळा पुरावा पाहून त्यांनी म्हादबांना निर्दोष सोडलं.

पण चूक माझी होती, साहेबांची नव्हती. जन्मभर चाली म्हणणारा मी, एका शब्दाचा सूर चुकलो होतो, आणि त्यापायी एक माणूस तुरुंगात गेला असता. मी पाय ओढत त्यांच्या खोलीत गेलो.

"बसा," ते म्हणाले. "आमची आई मेंढरांमागं हिंडायची. दिवसातून शंभरदा व्हय म्हणायची. त्यातलं हो कुठलं आणि अगंबाई कुठलं, ते तिच्या तोंडाकडं बघून कळायचं. तुम्ही यंत्राकडं बघत होता, मी फायलीकडं. खुर्ची माझी उंच, तेव्हा चूक माझ्याकडं राहू द्या. बाहेर बोलायचं नाही."

निवृत्तीनंतर सांगलीत ते दर रविवारी नव्या वकिलांना शिकवू लागले. पहिला धडा हाच: लिहिलेलं अशिलाला वाचून दाखवा. एक जण म्हणाला, "सर, त्याला काय कळतंय?" साहेब म्हणाले, "मग कळेल असं लिहा. आत तो जाणार आहे, तुम्ही नाही." आज तिथली कितीतरी वकील मंडळी अशिलाला समोर बसवून अर्ज वाचतात.

साहेबांच्या आयुष्याची ओळ अजून लांबच लांब जावो, हात-पाय आणि कान असेच शाबूत राहोत, आणि त्या घंटीला वाजायची मुळीच घाई नसो.

इथवर लिहून पेन खाली ठेवलं, तोच दारात काठी वाजली. पाहतो तर साहेब! सांगलीहून सकाळच्या पॅसेंजरनं एकटेच आमच्या रहिमतपूरला उतरलेले.

"संपादक म्हणाले, तुमचा लेख अडलाय. वाचून दाखवा. सावकाश."

मी वाचला. 'चूक माझी होती, साहेबांची नव्हती' ही ओळ वाचून मी वर पाहिलं. साहेबांनी चष्मा काढला.

"व्हय?" ते म्हणाले.

या वेळी मी त्यांच्या तोंडाकडं बघत होतो. प्रश्नचिन्ह बरोबर दिलं आहे.