वास येतोय का?

गाडी पेट्रोल जास्त पिते म्हटलं की माणसं सरळ कार्बोरेटरच्या अंगावर धावून जातात. घरात काही हरवलं की पहिला आळ कामवालीवर यावा, तसलाच प्रकार. धाकटे मिस्त्री असले उतावीळ नव्हते. ते आधी टायरमधली हवा बघायचे. मग चाक उचलून हातानं फिरवायचे, ब्रेक धरून बसलाय का बघायला. मग एअर फिल्टर, मग चोक, मग प्लग, आणि कार्बोरेटरला हात सगळ्यात शेवटी. "त्या बिचाऱ्याला कशाला बदनाम करता?" म्हणायचे. "तो मागाल तेवढंच देतो."

साठी उलटली तरी लोक त्यांना धाकटेच म्हणायचे. थोरले मिस्त्री म्हणजे त्यांचे सख्खे भाऊ. गॅरेज दोघांचं, पण धाकट्यांच्या हातात पाना दिला तो थोरल्यांनी, आणि चुकलं की त्याच पान्याचा टोला डोक्यात दिला तोही थोरल्यांनी. ते जाऊन आता तीसेक वर्षं झाली होती. थोरला गेला की धाकटा थोरला होतो म्हणतात. इथं तसं काही झालं नाही बुवा.

थोरले कसे गेले हे सगळ्या रस्त्याला ठाऊक होतं आणि त्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नसे. भर दुपारची वेळ. थोरले एका गाडीखाली पाठीवर पडून काम करत होते, हातात वायरचा दिवा. धाकटे शेजारच्या गाडीत डोकं खुपसून बसलेले. काम करता करता ते म्हणाले, "दादा, पेट्रोलचा वास येतोय."

खालून थोरल्यांचं हसू ऐकू आलं. "अरे शहाण्या, गॅरेजात पेट्रोलचा नाही तर काय अत्तराचा वास येणार?"

धाकटेही हसले आणि पुन्हा कामाला लागले. मग दिव्याचा बल्ब फुटल्याचा आवाज आला. त्यापुढचं सांगवत नाही, आणि सांगून तरी काय उपयोग.

तेव्हापासून तो वास धाकट्यांच्या नाकात बसला. गॅरेजात वास असतोच, त्याचं काही नाही. पण यांना तो ताटात यायचा, उशीत यायचा, आंघोळ करून अंग पुसताना कोरड्या टॉवेलात यायचा. पहिलं वर्ष तर त्यांनी घरात काडी ओढू दिली नाही, शेजारणीकडून डबा यायचा. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या, कोणी काय, कोणी काय सांगितलं, सगळं करून झालं. शेवटी त्यांना माणसात आणलं ते त्यांच्या बायकोनं, आणि तेही एका शब्दावर. ते विचारायचे, "अगं, वास येतोय का?" ती म्हणायची, "नाही हो. कसला वास?" झालं. ती नाही म्हणाली की वास नाही. मग ते जेवायचे आणि झोपायचे.

पुढे कामातही हाच कायदा लागू झाला. एकदा डॉक्टरांच्या गाडीत त्यांना वास आला म्हणून त्यांनी अख्खी टाकी उतरवली. टाकी खणखणीत निघाली. डॉक्टरांच्या ड्रायव्हरनं ही गोष्ट तिखटमीठ लावून सगळीकडे सांगितली, आणि पुढे कित्येक दिवस त्यांना रस्त्यात "काय हुंगे मिस्त्री, आज कुणाची टाकी?" ऐकावं लागलं. त्यानंतर त्यांनी आपल्या नाकाचा नादच सोडला. घर गॅरेजच्या मागेच होतं. शंका आली की हाक मारायची, बायकोनं दारात येऊन नाही म्हणायचं, विषय संपला. बायकोच्या नाकावर धंदा चालवणारा मिस्त्री दुसरा कुठं नसेल, पण यांचा चालला खरा.

अशात एके दिवशी पुतणी गाडी घेऊन आली. गाडी थोरल्यांचीच. वहिनींनी ती विकली नव्हती, ताडपत्रीखाली ठेवली होती, आणि धाकटे दर वर्षी जाऊन तिचं सगळं बघून यायचे. आता पुतणीला बाळ झालं होतं, रिक्षाबिक्षाच्या भानगडीपेक्षा आपली गाडी बरी म्हणून तिनं ती चालवायला घेतली होती.

"काका, ही गाडी आहे का टँकर?" पुतणी चावी त्यांच्या हातात आपटत म्हणाली. "किती ढोसते ही! माझा पगार हिलाच जातो."

"सगळा वेळ सारखीच पिते?"

"तेच तर कळत नाही. टाकी फुल केली की दोन दिवसांत काटा अर्ध्यावर. मग मात्र शहाण्यासारखी चालते. ते काही मला सांगू नका, उद्या सकाळी आम्हाला सासरी निघायचंय, लांबचा पल्ला आहे, बाळ बरोबर आहे. आजच्या आज नीट करून द्या."

"बाप तसाच होता," धाकटे म्हणाले. "घोड्यावर बसून यायचा."

बाप गेला तेव्हा ती जेमतेम चालायला लागली होती.

दुपारभर धाकट्यांनी गाडीचं काही बघायचं ठेवलं नाही. टायर ठीक. चाकं हलक्या हातानं फिरत होती. फिल्टर स्वच्छ. चोक ओढून सोडला, पूर्ण उघडत होता. प्लग काढले तर टोकं विटकरी रंगाची, काजळीचा मागमूस नाही. जास्तीचं पेट्रोल जळत असतं तर ती काळीकुट्ट झाली असती. तरी समाधान होईना म्हणून त्यांनी बाटली लावली. म्हणजे टाकीची नळी काढून ठेवायची, मोजून भरलेली पेट्रोलची बाटली बॉनेटखाली टांगायची, तिची नळी इंजिनला जोडायची, आणि ती संपेपर्यंत गाडी पळवायची. टाकी खोटं बोलेल, काटा खोटं बोलेल, बाटली बोलत नाही. गाडी नवी असताना जेवढी जायची जवळजवळ तेवढीच गेली.

गाडी परत आणून उभी केली आणि ते बाजूच्या स्टुलावर बसले. इंजिन बिचारं आपल्यापुरतंच खात होतं. मग उरलेलं पेट्रोल जातंय कुठं? आणि टाकी भरलेली असतानाच का जातंय?

त्यांना उत्तर येत होतं. शिकाऊ पोरालाही आलं असतं. टाकीच्या वरच्या बाजूला कुठंतरी गळत असणार, म्हणून अर्ध्याच्या खाली गेलं की थांबतं. त्यांनी डिकी उघडली. पेट्रोल ओतायच्या तोंडापासून टाकीपर्यंत एक जाड रबरी पाइप जातो, तो डिकीत एका पत्र्याच्या आड होता. तो पाइप थोरल्यांनी बसवला होता. बाजारचा क्लिप त्यांना पटायचा नाही, ते तारेनं आवळायचे, आणि शेवटची वळी उलट्या बाजूला घालायचे. दर वर्षी गाडी तपासताना धाकट्यांनी सगळं उघडलं होतं, तो पत्रा तेवढा कधी उघडला नव्हता. दादाच्या हातचं आहे, ते कशाला सोडवायचं, असं म्हणून पुढे जायचे.

डिकीत वाकताच वास आला. असा आला की त्यांनी झटकन मान मागे घेतली.

"अगं ए!"

बायको हात पुसत मागच्या दारात आली.

"वास येतोय का?"

"नाही हो. कसला वास?" ती म्हणाली आणि वळून आत गेली. गॅसवर तिचं काहीतरी उकळत होतं.

धाकट्यांना केवढं हायसं वाटलं! डिकी त्यांनी हळूच बंद केली. मग डोकं भराभर चालायला लागलं. पुतणीची गाडी रात्रभर रस्त्यावर उभी असते. कोणीतरी नळी घालून काढत असणार. टाकी भरलेली असली की चोर येतो, अर्धी झाली की सोडून देतो, बरोबरच आहे की. संध्याकाळी त्यांनी बाजारातून कुलूपवालं झाकण आणलं आणि बसवून टाकलं.

सकाळी पुतणी, जावई आणि बाळ हजर झाले. "चोर?" पुतणी म्हणाली. "आमच्या गल्लीत? सांगा तरी कोण, काठीच घेऊन बसते." जावई मागच्या सीटवर बाळाची गादी पसरत होता. "आता इथून निघायचं, पहिल्याच पंपावर टाकी फुल करायची, की थेट घरी," तो म्हणाला.

टाकी फुल. धाकटे ऐकत होते. बाळ गादीवर पडल्या पडल्या पाय झाडत होतं. गादीच्या मागे डिकी, आणि डिकीत तो पत्रा. पुतणीनं बॅग ठेवायला डिकी उघडली.

"पोरी," ते म्हणाले, "तुला... काही वास येतोय का?"

पुतणी हसली. बॅग आत ढकलत म्हणाली, "काका, गॅरेजातनं निघालेल्या गाडीला पेट्रोलचा नाही तर काय अत्तराचा वास येणार?"

धाकट्यांच्या अंगावर सर्रकन काटा आला. शब्द तेच होते, हसणंही तेच.

"हे तुला कोणी सांगितलं?"

"काय?"

"हेच. अत्तराचं."

"कोणी कशाला सांगायला हवं? सहज म्हटलं. काका, काय झालं? बसा बरं खाली."

ते बसले नाहीत. त्यांची बायको मागच्या दारात उभी होती, नेहमीच्याच जागी. तिच्याकडे बघताना त्यांच्या पहिल्यांदाच लक्षात आलं की गेली सगळी वर्षं ती तिथूनच सांगत आली आहे. तिथून इथला वास यायचा कसा?

"इकडे ये," ते म्हणाले.

"नाही हो, नाही येत..."

"इकडे ये आणि वाकून बघ!"

तिच्यावर ते कधी ओरडले नव्हते. ती आली. पदर सावरून डिकीत वाकली, आणि वाकली ती तशीच राहिली. वर आली तेव्हा तिचं तोंड पांढरंफटक पडलं होतं. तिनं पुतणीकडे पाहिलं, बाळाकडे पाहिलं, शेवटी नवऱ्याकडे.

"येतोय," ती म्हणाली.

मग धाकट्यांचे हात आपोआप चालले. पुतणीच्या हातातनं त्यांनी चावी हिसकावून घेतली. "बाळाला उचल आणि रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभी राहा. प्रश्न विचारू नकोस." बॅटरीची वायर काढली. जावयाला डबा देऊन पंपावर पेट्रोल आणायला पिटाळलं. पत्रा खोलला. आत थोरल्यांची तार जशीच्या तशी होती, वळी उलट्या बाजूला, आणि तारेखालचं रबर वाळून त्याला भेगा पडल्या होत्या. जावयानं आणलेलं पेट्रोल त्यांनी टाकीत ओतलं. टाकी भरत आली तशी तारेच्या खालून ओल सरकली, एक थेंब लोंबला, पडला, दुसरा लोंबला. थेंब पडत होते त्याच्या हातभर खाली मागच्या दिव्याची वायर गेली होती. तिच्यावरचं प्लॅस्टिक कधीच खाल्लं गेलं होतं, आतलं तांबं चमकत होतं.

पलीकडे पुतणी बाळाला छातीशी धरून उभी होती. तिला कोणी काही समजावून सांगायची गरज पडली नाही.

धाकट्यांनी पक्कड घेतली आणि थोरल्यांची तार तोडली. नवा पाइप घातला, दोन्हीकडे क्लिप आवळले, वायर बदलली, पुन्हा टाकी भरून बघितली. डिकी कोरडी. गाडी दुपारी निघाली. जाताना पुतणी काकांच्या गळ्यात पडून रडली, आणि काकूच्या गळ्यात पडली तेव्हा काकू तिच्याहून जास्त रडली.

गाडी नजरेआड झाल्यावर ती नवऱ्यासमोर येऊन उभी राहिली. "तुम्ही विचारायचात आणि मी नाही म्हणायचे. मी कधी वास घेतलाच नाही हो. तुम्ही जेवावं, झोपावं, एवढंच माझ्या मनात असायचं. कामाचंही तुम्ही तसंच विचारता, मला वाटलं हेही त्या ताटातल्या वासासारखंच. आज ते बाळ..."

धाकटे रागावले नाहीत. राग कसला करणार, तिच्या त्या एका शब्दावर ते इतकी वर्षं जगले होते. पण स्टुलावर बसल्या बसल्या त्यांना एकेक गाडी आठवायला लागली. शाळेतल्या बाईंची निळी गाडी. बेकरीवाल्याची व्हॅन. तिच्या नाहीवर त्यांनी सोडून दिलेल्या सगळ्या गाड्या. त्यातली कुठली जळाल्याचं कानावर आलं नव्हतं. पण सगळ्याच गोष्टी कुठं कानावर येतात?

त्यानंतर ती बदलली. दारातून उत्तर देणं बंद झालं. हाक आली की ती गॅरेजात यायची, बॉनेटखाली वाकायची, नीट वास घ्यायची आणि मगच बोलायची. एकदा एका स्कूटरचा पेट्रोलचा नळ गळतोय हे तिनंच सांगितलं. धाकट्यांना तिचं कौतुक वाटायचं, पण जेवण तुटलं होतं आणि झोप तर पार उडाली होती.

मग एक दिवस दुपारी जेवताना त्यांचा घास हातातच थांबला. ताट त्यांनी पुढे सरकवलं.

"अगं, वास येतोय का?"

ती उठली. त्यांच्याजवळ येऊन ताटावर वाकली. मग त्यांचे हात हातात घेऊन हुंगले, सदरा हुंगला, केस हुंगले. साबणाचा वास होता, जेवणाचा होता, घामाचा होता. दुसरा कसलाच नव्हता. इतक्या वर्षांत हे पहिलं खरं उत्तर ती त्यांना देत होती.

"नाही हो," ती म्हणाली. "देवाशपथ, नाही."

ते तिच्या तोंडाकडे बघत राहिले. पूर्वी एवढ्यावर घास तोंडात जायचा.

"परत बघ," ते म्हणाले.

तिनं परत बघितलं. "नाही."

"परत."

तिनं डोळे पुसले आणि ती परत वाकली.