आठ हात चाबूक

आमच्या घरात बैल नाही, बैलगाडी नाही आणि मारण्याजोगं माणूसही उरलेलं नाही. तरी गेल्या पोळ्याला मी बारा फुटांचा चाबूक करवून घेतला.

माझा मुलगा निखिल पुण्यात नोकरी करतो. दर रविवारी सकाळी त्याचा फोन येतो. चहा झाला का, गोळी घेतली का, पाऊस आहे का, असे तीन प्रश्न विचारतो आणि चौथ्या मिनिटाला त्याच्या दाराची घंटी वाजते. (चार वर्षांत ती एकदाही पाचव्या मिनिटाला वाजलेली नाही.) माझी तक्रार नाही. हे गेल्यापासून फुलसावंगीच्या घरात मी एकटी आहे, शेत बटईने दिलंय, बैल विकले. एका बाईला बोलायला असं कितीसं लागतं?

त्यामुळे मंगळवारी त्याचा फोन आला तेव्हा मला वाटलं, काहीतरी विपरीतच घडलंय. पण तसं काही नव्हतं. त्याच्या ऑफिसात सगळ्यांनी सिनेमातली सोंगं घेऊन यायचं ठरलं होतं. निखिल होणार होता इंग्रजी सिनेमातला टोपीवाला, गुहेत शिरून खजिना शोधणारा. टोपी होती, जाकीट मित्राचं होतं, अडलं होतं चाबकावर. मोबाईलवर पाहिला तर चामड्याच्या चाबकाला दुभत्या शेळीची किंमत.

“आई, बैलाचाच चाबूक असतो तो. तिकडे स्वस्त मिळेल ना?”

(‘तिकडे’ म्हणजे जिथे हा अठरा वर्षं राहिला, ते गाव.)

मी दुसऱ्याच दिवशी महागावला गेले. बैलांच्या साजाचं दुकान गुलाबभाऊंचं. पोळा तोंडावर आलेला, त्यामुळे झुली, घुंगरमाळा, रंगीत गोंडे यांनी दुकान भरलेलं. चाबूक मागितला तसे गुलाबभाऊ थांबले. सणाला बैलावर कोणी हात उचलत नाही, आणि या बाईला आत्ताच चाबूक हवा.

“बैल कुठी हाये काकू तुमचा?”

“बैल नाही, पोरासाठी पाह्यजे.”

“केवढा हाये पोरगा?”

“सव्वीसचा.”

गुलाबभाऊंनी मान हलवली. “मंग आता मारून काही फायदा नाही, काकू.”

सोंगाचं समजावून सांगितलं, तेव्हा त्यांनी एक चाबूक काढला. आमच्याकडे चाबूक म्हणजे काठी, आणि तिच्या टोकाला वीतभर चामड्याची वादी. मी फोटो पाठवला. दुकानाच्या पायऱ्या उतरायच्या आत फोन वाजला.

“आई, ही काठी आहे.”

“चाबूकच हाये तो.”

त्याला काठी नको होती. सगळा चामड्याचा, वेणीसारखा गुंफलेला, लांबच लांब हवा होता. संध्याकाळी पुन्हा फोन आला, मूठ कशी हवी ते सांगायला. रात्री जेवताना आला, रंगाचं सांगायला. गुरुवारी दोनदा. आणि एकदाही दाराची घंटी वाजली नाही.

इथे मला एक गोष्ट कबूल करायची आहे. गुलाबभाऊंनी दुसऱ्या खेपेला दाखवलेला चाबूक अगदी चांगला होता. मी निखिलला सांगितलं, मूठ सैल आहे. तिसरा त्याहून चांगला होता. तो मला बकरीच्या रंगाचा वाटला. चौथ्याचं मी काय सांगितलं आठवत नाही, पण त्यावर आम्ही बावीस मिनिटं बोललो. त्यात त्याने शेजारच्या नलूताईंच्या म्हशीचीही चौकशी केली.

“काकू,” गुलाबभाऊ शेवटी म्हणाले, “चाबूक पाहून राह्यल्या का जावई?”

मला लाज वाटली. मग नवाच गुंफायला सांगितला. लांबी विचारली तेव्हा निखिलने मोबाईलवर नुसता ‘आठ’ लिहून पाठवला होता. मी म्हटलं, आठ. गुलाबभाऊंकडे माप एकच, कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंतचा हात. त्यांनी आठ हात मोजून गुंफला. आठ फूट हवा होता हे मला कळलं, तेव्हा चाबूक घरी आला होता.

पोळ्याच्या आदल्या दिवशीची ती संध्याकाळ. गावात जो तो बैलांचे खांदे तूप-हळदीने चोळत होता आणि त्यांच्या कानाशी म्हणत होता, ‘आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.’ दुपारी मीही निखिलला आवतण दिलं होतं. सुट्टी नाही म्हणाला. (बैल असं कधी म्हणत नाही.) पण चाबूक त्याला वाजवून दाखवायचा होता. मी अंगणात, पाण्याच्या टाक्याच्या काठावर तांब्याला टेकवून मोबाईल उभा केला. पडद्यावर निखिल. मी पदर खोचला.

पहिल्या फटक्याला चाबूक माझ्याच पायांना गुंडाळला. दुसऱ्याला भिंतीपलीकडे गेला आणि नलूताईंच्या यजमानांची बनियन घेऊन परत आला. निखिल हसत होता. तो असा हसलेला मी कितीतरी दिवसांत पाहिला नव्हता, म्हणून तिसरा फटका मी जरा जीव लावून मारला. चाबूक मोबाईलला लागला, मोबाईल टाक्यात बुडाला. म्हणजे त्याने शेवटचं पाहिलं ते असं: चाबूक उगारून अंगावर येणारी आई, आणि मग अंधार.

भिंतीवरून नलूताईंचं डोकं वर आलं.

“बाई, पोरावर एवढा राग कायचा?”

पाच मिनिटांनी त्यांच्याच मोबाईलवर निखिलचा फोन आला. त्यांनी तो भिंतीवरून माझ्या हातात दिला. मी हॅलो म्हणायच्या आत तो, ठीक आहे ना, विचारत होता. मी म्हटलं, कोपर थोडं खरचटलंय, बाकी काही नाही.

“तुझं नाही गं आई. चाबूक ठीक आहे ना?”

चाबूक ठीक होता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पार्सलने गेला. मोबाईल आठवडाभर तांदळाच्या डब्यात वाळला आणि सुरू झाला. त्यावर पहिला आला तो निखिलचा फोटो. टोपी, जाकीट आणि कमरेला चार वेढे देऊन खोचलेला चाबूक, हुबेहूब माझ्या आजीच्या लुगड्याच्या ओच्यासारखा. दुसरं बक्षीस मिळालं म्हणे. पुढच्या मंगळवारी फोन आला नाही. रविवारी आला. चहा, गोळी, पाऊस, घंटी.

परवाच्या रविवारी मीच विचारलं, यंदा कशाचं सोंग आहे? यंदा तो भूत होणार आहे.

“काही पाठवू नको आई. नुसती पांढरी चादर लागते, ती आहे माझ्याकडे.”

“पुन्याच्या चादरीचं भूत कोनाले खरं वाटन?” मी म्हटलं. “थांब, इकडे चांगली भेटते.”

महागावची तीन दुकानं पाहून झाली. तिन्हीकडचे फोटो पाठवले आणि तिन्ही वेळा तो म्हणाला, आई, ही चालेल. पण भुताला शोभेल असा पांढरा रंग मला काही कुठे दिसला नाही. अजून पुसद आणि उमरखेड बाकी आहेत.