नाना खुर्चीत बसतात

नानांच्या दुकानातून माणूस दोन्ही अर्थांनी डोकं हलकं करून बाहेर पडतो. "मग, मुलीचं जमलं का?" एवढं विचारायचं आणि कात्री चालवत राहायचं. गिऱ्हाईक बोलतं, नाना हुंकार देतात. आपण बोलायचं नाही, समोरच्याला बोलतं ठेवायचं, म्हणजे तो चुळबुळत नाही, ही त्यांच्या वडिलांची शिकवण.

याच शिकवणीनं नानांना परीक्षेत आडवं केलं.

दुकानाची जागा वर्षअखेर सुटणार होती. केस कापायला शिकवणाऱ्या एका संस्थेनं नानांचा हात पाहिला आणि तिथल्या तिथे पसंत केला. पण तिथं मुलं वेगवेगळ्या भाषांची, म्हणून वर्ग इंग्रजीत. तेव्हा परीक्षा देऊन या म्हणाले. ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं, चारही ठिकाणी किमान तिसरी पातळी हवी. नाही जमलं तर कात्री कपाटात. नाना या वयात शिकवणीला बसले.

निकाल आला. ऐकण्यात चार, वाचण्यात तीन, लिहिण्यात काठावर तीन. बोलण्यात दोन.

"दोन कसे?" बायको म्हणाली. "तुम्ही तर म्हणालात, परीक्षक बाईंशी झकास गप्पा झाल्या."

"झाल्या की. त्यांचा गुडघा निघाला, सून निघाली."

शिकवणीच्या बाईंनी हे ऐकलं आणि आधी पोट धरून हसल्या. मग नीट समजावलं. सुटे शब्द आले की पहिली पातळी, तुटक वाक्यं आली की दुसरी. घडलेली गोष्ट सलग सांगता आली तर तिसरी, आणि ती तशी का घडली हे पटवता आलं तर चौथी. बोलणं रेकॉर्ड होतं, दुसरा परीक्षक ते वेगळं ऐकतो, आणि दोघंही उमेदवाराच्या तोंडून आलेलंच मोजतात.

"नाना, पोटातल्या इंग्रजीला गुण नसतात," त्या म्हणाल्या. "तुमच्या रेकॉर्डिंगवर त्या परीक्षक बाईच पास झाल्या असतील."

पुढच्या परीक्षेचा अर्ज भरला, पण नानांचा चेहरा उतरलेलाच. जन्मभर गप्प राहून पोट भरलं, आता कुठून बोलू, असं ते बायकोला म्हणाले. सुटीच्या दिवशी तिनं दुकान उघडायला लावलं आणि खुर्चीकडे बोट दाखवलं.

"बसा."

"मी?"

"तुमची गिऱ्हाइकं इथं बसली की पोपटासारखी बोलतात. तुम्हीही बसून बघा."

तिनं नानांच्या गळ्याभोवती कापड बांधलं आणि कात्री उचलली. नानांना घाम फुटला. तिला इंग्रजी दोनच शब्द येत होते, तेही शिकवणीच्या बाईंकडून खास शिकून आलेले: 'देन?' आणि 'व्हाय?'. नाना पहिल्या गिऱ्हाइकाची गोष्ट इंग्रजीत सांगू लागले. अडखळले की कात्री कानाशी थांबायची. "देन?" नाना घाईघाईनं पुढे जायचे. "व्हाय?" नाना कारण शोधायचे. तासाभरानं गोष्ट संपली आणि नानांनी आरशात पाहिलं. डावी बाजू उंदरानं कुरतडल्यासारखी झाली होती.

त्यांनी कापड झटकून घडी घातली. पुढच्या सुटीला पुन्हा बसले.

परीक्षेला त्याच परीक्षक बाई. त्यांना पाहताच जिभेवर आलेला गुडघा नानांनी गिळला. कापड बांधून घेताना उचलतात तशी हनुवटी उचलली आणि बसले. अलीकडे कुणाला काही शिकवलंत का, असा प्रश्न आला.

नानांनी स्वतःच्या डोक्याकडे बोट केलं, बायकोला केस कापायला शिकवतोय म्हणाले आणि सुरुवात केली. बायको, खुर्ची, कात्री, डावी बाजू. जिथं अडले तिथं मनातल्या मनात 'देन?' ऐकू आलं. बाईंनी शेवटी विचारलं, चुकतंय हे दिसत होतं, तर थांबवलं का नाही?

नाना इंग्रजीत म्हणाले, "थांबवलं असतं तर तिचा हात पुन्हा उचलला गेला नसता. केस काय, येतात."

बोलण्यात तीन मिळाले. बायकोनं निकाल बघून विचारलं, "चार का नाहीत?" नाना म्हणाले, "उरलेला एक तुझ्या कात्रीनं खाल्ला."

संस्थेतल्या पहिल्या दिवशी सगळी मुलं कात्र्या घेऊन गप्प उभी होती, कुणाचा हात धजेना. नाना सरळ खुर्चीत बसले, कापड मानेभोवती ओढलं आणि पुढे उभ्या असलेल्या मुलीला म्हणाले, "काप. आणि मला विचारत राहा."