ओल्या सोल्युशनचं चाक

नेव्हियो बालार्दीनीला एका जागी बसवायचं तर खिळेच ठोकावे लागले असते. फाएन्झा गावातल्या बारमध्ये तो कॉफी उभ्यानेच पीत असे, आणि कप खाली ठेवायच्या आत त्याचा एक पाय दाराबाहेर असे. असला माणूस चाकं बांधण्यात नावाजलेला कसा, हे गावाला कधी उमगलं नाही. शर्यतीच्या जुन्या सायकलींची चाकं घेऊन लोक लांबून त्याच्याकडे येत. या सायकलींचे टायर रिमवर चिकटवावे लागतात. ती वेळ आली की तो प्रत्येकाला दम भरत असे, "सोल्युशनचा एक हात दिला की रात्रभर वाळू द्यायचं. मग दुसरा, मग तिसरा. घाई असेल तर बसने जा!"

त्या वसंतात त्याची बायको ओर्नेल्ला जेवताना म्हणाली, "जुन्या सायकलींच्या फेरीत यंदा मी बाबांची सायकल चालवणार. चाकं तू करून दे."

तिचे वडील अमातो हिवाळ्यात वारले होते. सायकल धड होती, पण चाकं गंजाने खाल्ली होती. इतक्या वर्षांच्या संसारात ओर्नेल्लाने स्वतःसाठी काही मागितल्याचं नेव्हियोला आठवेना. हातातली पियादीनाची पोळी तशीच टाकून तो उठला.

"अरे, घास तरी संपव!"

पण तो केव्हाच शेडमध्ये पोचला होता.

जुन्या बाजारात त्याला त्याच काळातली जोडी मिळाली. ब्रेक घासून घासून रिमच्या कडा झिजलेल्या, हबमध्ये वाळू, स्पोक काळे पडलेले. त्याने हब रॉकेलने धुतले, नवे छर्रे बसवले, स्पोक बदलले, चाकांचा आउट काढून ती सरळ केली. चाकं छान फिरायला लागली. इथे शहाण्या माणसाने हात धुतले असते. पण याला मागच्या चाकात केसभर झोल दिसला, म्हणून सगळे स्पोक सैल करून त्याने पहिल्यापासून सुरुवात केली. मग पुन्हा एकदा. लग्नात अमातो सगळ्यांसमोर म्हणाला होता, "या पोराच्या हातून ताटातलं जेवणसुद्धा पुरं होणार नाही." मेलेला सासरा जणू स्टुलावर बसून चाकाकडे बघत होता.

"झालं का रे?" ओर्नेल्ला दारातून विचारायची.

"होतंय, होतंय!"

फेरीच्या आदल्या दिवशी दुपारी ते एकदाचं त्याच्या मनासारखं झालं. मग सोल्युशनचे तिन्ही हात त्याने एकाच दुपारी मारले आणि मागचा टायर चढवला.

सकाळी चौकात त्याने हळूच अंगठ्याने टायर रेटला. टायर जरासा सरकला. चढावर काही होणार नव्हतं. पण खिंडीपलीकडच्या लांब उतारावर ब्रेक दाबून रिम तापणार, सोल्युशन पातळ होणार आणि टायर सुटून ओर्नेल्ला दरीत जाणार. सांगायला हवं होतं. पण भोवती उभे असलेले सगळे त्याचा दम कधी ना कधी ऐकलेले होते. तो उगीच हँडल पुसत राहिला.

ती निघाली. वडिलांची लोकरी जर्सी तिला ढगळ होत होती आणि ती शीळ घालत चढत होती. तो मागून येत होता. दर वळणावर आता सांगतो म्हणायचा आणि नुसताच घाम पुसायचा. स्वतःची इतकी चीड त्याला कधी आली नव्हती.

खिंडीत पाव आणि वाइन मांडली होती. फेरी भरवणाऱ्या क्लबचा म्होरक्या सेकोन्दो ओरडला, "काय रे, सासऱ्याची सायकल पळतेय की! म्हाताऱ्याने वरून पाठ थोपटली असेल!"

ओर्नेल्लाने हातमोजे चढवले, पायडलवर पाय ठेवला. नेव्हियोने धावत जाऊन तिचं हँडल धरलं.

"थांब! मागचं सोल्युशन ओलं आहे. मी तिन्ही हात कालच मारले."

सेकोन्दोचा पेला ओठांशी थांबला. "तू? आम्हाला बसने पाठवणारा तू?"

सगळे खो खो हसले. नेव्हियोचे कान तापले, पण हँडल त्याने सोडलं नाही.

ओर्नेल्लाने एक हातमोजा काढून बोट पुढे केलं. बोटावर सोल्युशनचा तपकिरी डाग होता. "सकाळी निघायच्या आधी मी टायर दाबून बघितला. बायको कोणाची आहे?"

"मग आलीस कशाला?"

"चढाला कसली भीती? तू कुठे सांगतोस ते बघत होते. चौकात गप्प राहिलास. पायथ्याशी गप्प राहिलास."

"आणि इथेही गप्प राहिलो असतो तर?"

"तर मी सायकलवरून उतरून पायी गेले असते," ती म्हणाली. "आणि तुला जन्मात कधी काही बोलले नसते."

ती खरंच बोलली नसती. उतारापेक्षा त्याला तिच्या त्या न बोलण्याचीच जास्त भीती वाटली. त्याने हात पुढे केला. "आण, मी नेतो."

"नको. तू नुसता बरोबर चाल."

बाकीचे घंटा वाजवत शेजारून खाली सुटले. ती दोघं आपापली सायकल धरून कडेने उतरू लागली. ती वडिलांबद्दल बोलत होती, मधेच थांबत होती, डोळे पुसून पुन्हा चालत होती. नेव्हियोही दर वेळी थांबत होता. आजवर बांधलेल्या कुठल्याही चाकापेक्षा ते थांबणं त्याला जड गेलं.