दमनहूरच्या नवरीसाठी पांढरी गाडी

अम्म दसूकी, म्हणजे आमच्या गल्लीचे दसूकीकाका, रस्त्यावर गुडघे टेकून लोकांच्या गाड्यांखाली वाकून बघत होते. हरवली होती अख्खी गाडी, चावी नव्हे. पण माणूस घाबरला की कुठेही बघतो.

मी फुलांच्या दुकानातून विचारलं, "अम्म, ती काय मांजर आहे, खाली जाऊन बसायला?"

ते उठले, पँट झटकली. "तू आधी बाहेर ये. तुझी फुलंपण गेलीत तिच्याबरोबर."

ते खरंच होतं. मघाशीच त्या गाडीच्या बॉनेटवर मी पांढरी फुलं आणि रिबिनी बांधल्या होत्या. चांगल्या बांधल्या होत्या. मला शाळा जमली नाही, पण गाडी सजवण्यात अख्ख्या अलेक्झांड्रियात माझा हात कोणी धरून दाखवावा.

गाडी ठरवली होती मुंतसिरने. हा दमनहूरचा, आत शेतांकडचा मुलगा. त्याचं लग्न तिकडेच होतं, हॉल तिकडेच. पण त्याच्या होणाऱ्या बायकोने, इस्राने, एकच हट्ट धरला होता. लग्नाच्या कपड्यात, मागे समुद्र, असा फोटो पाहिजे. सोनं कमी दे म्हणाली, पण समुद्र दाखव. म्हणून दोघं सकाळी नातेवाइकांनी भरलेल्या गाडीतून इथे आले, आणि इथे फिरायला त्याने दसूकींची पांढरी गाडी भाड्याने घेतली. आता इस्रा दोन गल्ल्या पलीकडे पार्लरमध्ये नटून बसली होती. नवरी काही पार्लरमधून चालत निघत नाही. गाडी दारात येणार, हॉर्न वाजणार, मग ती बाहेर पडणार. आणि ऊन उतरायला लागलं होतं. अंधार पडला की समुद्र काय आणि डांबर काय, फोटोत सारखंच.

आता दसूकींचं सांगते. त्यांच्याकडे भाड्याच्या गाड्या दोनच, एक पांढरी, एक हिरवी. धंदा म्हणून बघाल तर माणूस अगदी वाया गेलेला. गाडी कशाला पाहिजे ते कळल्याशिवाय चावी देत नाहीत. दवाखान्यात जायचं असेल तर मागच्या सीटवर उशी ठेवतात. पोहायला जायचं असेल तर सगळ्या सीटांवर जुन्या चादरी अंथरतात. एकदा दोन भाऊ बापाच्या जमिनीचं भांडण मिटवायला निघाले होते, तर हे मध्ये पडले, म्हणाले की मीच चालवतो, तुम्ही भांडा. लग्नाची गाडी तर ते दुसऱ्याला चालवूच देत नाहीत. त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालायला घरी गेले, आणि तेवढ्यात हे झालं.

आमची गल्ली अरुंद. फूटपाथला लागून एक रांग गाड्यांची, तिच्या अंगाला दुसरी. दुसऱ्या रांगेत लावायची तर गिअर न्यूट्रलला, हँडब्रेक सोडलेला, चाकं सरळ. मग आतल्याला निघायचं असलं की तो तुमची गाडी हाताने थोडी पुढे ढकलतो आणि जातो. कोणाला विचारायचं नाही, कोणी रागवायचं नाही. ब्रेक लावून गेलात तर मात्र तुमच्या सात पिढ्यांचा उद्धार होतो. चावी देताना दसूकी प्रत्येक गिऱ्हाइकाकडून हे पाठ करून घेतात. आणि आज, लग्नाची गाडी असून, त्यांनी स्वतःच ती तशीच लावली होती. सवय. त्यात गुरुवार, दुसऱ्या दिवशी सुट्टी. सगळी गल्ली बाहेर पडत होती. जो तो ढकलत गेला.

कलेजीच्या सँडविचवाल्याने सांगितलं, हो, मी ढकलली, औषधाच्या दुकानापर्यंत. औषधवाला म्हणाला, मी न्हाव्यापर्यंत. न्हाव्याच्या तोंडावर तर कौतुकच होतं. किती हलकी चालते म्हणाला, आत नवरी नव्हती ना. वळणाच्या पुढे त्याला माहीत नव्हतं.

वळणाच्या पुढे उतार आहे.

मुंतसिर काळ्या सुटात आमच्या मागून धावत होता. कॉलर भिजली होती. तो थांबला आणि दसूकींना म्हणाला, "तुमच्याकडे गाड्या लावतात, का पाण्यात सोडतात?"

मी त्याला चांगलं सुनावणार होते. दसूकींनी मला हाताने गप्प केलं. त्यांचा इस्त्रीचा शर्ट एव्हाना पाठीला चिकटला होता. "नवरदेवा," ते म्हणाले, "तुझ्या बायकोला उजेडात समुद्र दाखवीन. चल."

वळलो आणि तिघंही जागच्या जागी थांबलो. गल्लीच्या तोंडाशी मौतीचा मंडप होता. लोणची विकणाऱ्या म्हाताऱ्या नबविया दुपारी गेल्या होत्या, आणि संध्याकाळ व्हायच्या आतच मंडप भरला होता. खुर्च्यांवर पुरुष गप्प बसलेले, कुराणाचं पठण चाललेलं. आणि मंडपाच्या कडेला आमची गाडी, उतारावरून घरंगळत आलेली, लोकांनी अडवून ठेवलेली. बॉनेटवर कोणीतरी काळी चादर घातली होती. मी हळूच कोपरा उचलून पाहिला. एकही फूल चुरडलेलं नव्हतं.

मुंतसिर सरळ गाडीच्या दाराकडे निघाला. दसूकींनी त्याचं मनगट धरलं.

"आधी बसायचं."

"अम्म, ऊन चाललंय."

"मला दिसतंय. त्यांची आई गेलीय, हेपण दिसतंय. इथून गाडी उचलून नुसतं निघून जायचं नाही."

पठणाचा एक भाग संपेपर्यंत बसायचं, हा रिवाज. मी बाई, बाहेरच उभी. आतलं सगळं दिसत होतं. दसूकी दारातल्या मुलाच्या, म्हणजे नबवियांच्या मुलाच्या, हातात हात देऊन आत गेले आणि बसले. शेजारी मुंतसिर. त्याने कोटावरचं फूल काढून खिशात कोंबलं. बिनसाखरेची कॉफी आली, दोघांनी घेतली. मी समोरच्या भिंतीवरचं ऊन बघत होते. ते तिसऱ्या मजल्यावर होतं, मग चौथ्या. मला वाटलं आत शिरावं आणि दोघांना ओढून काढावं. दसूकी पापणी न हलवता बसले होते, पण त्यांचा पाय सारखा हलत होता. एवढा हलत होता की पुढची खुर्ची थरथरत होती.

पठण थांबलं. ते उठले तसा नबवियांचा मुलगाच त्यांच्यामागे बाहेर आला. डोळे सुजलेले. त्याने विचारलं, नवरी कुठे आहे. दसूकींनी सांगितलं, पार्लरमध्ये, वाट बघतेय. ते चावी लावायला वाकले तर त्याने त्यांच्या हातावर हात ठेवला.

"इथे इंजिन नको. आम्ही देतो ढकलून."

आणि त्याने मंडपात बघून नुसती मान हलवली. चारपाच जण उठले. सगळे शोकाच्या कपड्यातले, त्यातला एक तर काठी टेकत आलेला. दसूकी आत बसून स्टिअरिंग धरत होते, मुंतसिर आणि मी पुढून, आणि ती माणसं दोन्ही बाजूंनी. उलटी, चढावर. फक्त चाकांचा आवाज आणि काठीचा.

वळणावर नबवियांच्या मुलाने स्वतः चादर काढली, घडी घातली आणि मुंतसिरच्या खांद्यावर थोपटलं. "सुखाने राहा. हॉर्न मात्र पुढच्या चौकात वाजव." मुंतसिरने त्याच्या खांद्याचं चुंबन घेतलं आणि गाडीत बसला.

पुढच्या चौकात दसूकींनी असा हॉर्न वाजवला की पार्लरमधल्या सगळ्या बायका बाहेर आल्या. इस्राने ड्रेस गोळा केला आणि बसली. समुद्रकाठच्या रस्त्यावर पोचलो तेव्हा सूर्य अर्धा पाण्यात होता. अर्धा बाहेर होता, तेवढ्यात काम झालं. तो फोटो माझ्या दुकानात लावलाय. इस्राचा ड्रेस वाऱ्यावर उडतोय, आणि एका कडेला दसूकींचं कोपर आलंय. मुंतसिर म्हणाला होता की कापून देतो. मी म्हटलं, कापलंस तर बघ.

या हिवाळ्यात दसूकींची बायको बहिया माझ्या दुकानात वाटाणे सोलत बसली होती. तो फोटो बघता बघता तिने सांगितलं की तिच्या लग्नात ठरवलेली गाडी आलीच नव्हती. दसूकींनी तिला पार्लरमधून ट्रामने घरी नेलं होतं, पांढऱ्या ड्रेसमध्ये, आणि ते सगळी वाट मान खाली घालून उभे होते. ती खिडकीशी बसली होती. प्रत्येक थांब्यावर लोक टाळ्या वाजवत होते. ती म्हणाली, तिला ती ट्राम फार आवडली होती. आणि हे तिने दसूकींना आजवर सांगितलेलं नाही.