सहा दिवस कोरडं पान

पिंपळगाव बसवंतच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये, बागायतदारांच्या बैठकीत, सकाळी अकराच्या सुमारास आमचा द्राक्षरोगाचा अंदाज देणारा प्रोग्रॅम चालता चालता थांबला. तो थांबावा अशी व्यवस्था मी केली होती.

आधीच्या हंगामातली हकीकत अशी. प्रोग्रॅम हवेतला दमटपणा आणि पानावरचा ओलावा मोजून डाऊनी या बुरशीरोगाचा धोका सांगत असे. मी त्यात तपासण्या घातल्या होत्या. हवा रात्रभर दमट आणि पान मात्र कोरडं, अशी न जुळणारी आकडेवारी आली, तर प्रोग्रॅमने अंदाज न देता थांबायचं आणि कारण सांगायचं. या नोकरीआधी मी वर्तमानपत्राच्या डेस्कवर होतो. तिथेही दोन सूत्रं जुळली नाहीत तर बातमी थांबायची.

प्रोग्रॅम वारंवार थांबू लागला. आमच्या विभागाचे साहेब म्हणाले, "सारखी अडणारी गाडी कोण घेईल?" त्यांनी सगळ्या तपासण्या बंद केल्या.

फवारणीच्या वेळी औषध उडू नये म्हणून आमच्याकडे मजूर पानाचा ओलावा मोजणाऱ्या सेन्सरवर प्लॅस्टिकची पिशवी चढवतात. माझ्या मामेबहिणीच्या बागेत ती सहा दिवस तशीच राहिली. बाहेर धुकं होतं, पिशवीत कोरडं होतं. तिच्या मोबाइलवर रोज संदेश गेला : धोका नाही, फवारणी नको. तिने फवारणी केली नाही. बाग फुलोऱ्यात होती. डाऊनीने घड गेले.

ती कार्यालयात आली तेव्हा साहेब तिला म्हणाले, "ताई, पिशवी काढायचं कामही कॉम्प्युटरनेच करायचं का?" दोघे-तिघे हसले. तक्रारीच्या उत्तरात, 'कारण' या रकान्यात 'शेतकऱ्याचा निष्काळजीपणा' असं आलं. गावात ते पत्र फिरलं. पत्राबद्दल विचारायला ती पुन्हा आली, तेव्हा जिन्यात म्हणाली, "दादा, घड पुढच्या वर्षी येतील. हे कोण पुसणार?"

आठ महिने मी साहेबांशी त्या विषयावर बोललो नाही.

बागायतदारांना प्रोग्रॅम दाखवण्यासाठी ठरलेल्या पिंपळगावच्या बैठकीची तयारी माझ्याकडे आली. मी तपासण्या पुन्हा चालू केल्या. नमुना म्हणून कोणत्या बागेची आकडेवारी दाखवायची हे साहेबांनी विचारलं नाही. मी तिच्या बागेचे ते सहा दिवस घेतले. एकही आकडा बदलला नाही. थांबण्याच्या संदेशात एक ओळ वाढवली. ती प्रोग्रॅममध्ये कोणी काय बदललं याच्या नोंदीतून घेतली होती.

साहेबांनी स्वतः बटण दाबलं. पडद्यावर अक्षरं आली : 'अंदाज देता येत नाही. हवेत दमटपणा ९७ टक्के, पान सहा दिवस कोरडं. हे शक्य नाही. सेन्सर तपासा. ही तपासणी गेल्या हंगामात बंद होती. बंद करणारे : विभागप्रमुख.'

"विभागप्रमुख म्हंजी कोण वो?" मागून एकाने विचारलं.

"हे काय, उभे हायेत ना समोर," दुसरा म्हणाला. "साहेब, तुमचं मशीन लय खरं बोलतं. इकत द्या, पण बंद नका करू."

हशा झाला. मामेबहीण तिसऱ्या रांगेत होती. ती हसली नाही. उभी राहून म्हणाली, "माझी बाग आहे ती. मला दिलेलं पत्र दुरुस्त करून द्या. इथे, सगळ्यांसमोर."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांना पेन दिलं.

तिने पुढे केलेल्या जुन्या पत्रावरची निष्काळजीपणाची ओळ त्यांनी खोडली आणि वर लिहिलं : 'प्रोग्रॅममधील तपासणी कार्यालयाने बंद केली होती.' खाली सही केली. पत्राची एक प्रत त्याच दुपारी ग्रामपंचायतीच्या फलकावर लागली.